डावं पाऊल, रंगासह

इतवारीतल्या धान्याच्या गोदामाची भिंत पाडताना
चुन्यातून निघालं ते.
घोट्यापासून खालचं डावं पाऊल,
वीत आणि चार बोटं लांब,
बोटं भिंतीच्या आत वळलेली.
कुणीतरी दगड म्हणून बसवलं असणार
आणि मग त्याला टेकून
ज्वारीची पोती लागली, चार पिढ्या.

नोंदवहीत मी लिहिलं :
वालुकाश्म. भग्न. रंगाचे अवशेष. देवता अज्ञात.
काळ बहुधा यादवांचा.
'बहुधा' हा आमच्या खात्यातला
सगळ्यात टिकाऊ शब्द.

मे महिना. वाळ्याचा कूलर पाणी उडवतो
म्हणून बंद.
शेचाळीस अंशात, नाकावर फडकं बांधून,
मी कापसाच्या बोळ्याने चुना उचलते आहे,
दिवसाला एक नखाएवढा.
कपाळाचा घाम पावलावर पडू नये
म्हणून मान वाकडी.
(घरी विचारतात, मान का दुखते.
काय सांगू. कुणाच्या तरी पाया पडत होते.)

चौथ्या दिवशी लाल.
आधी अंगठ्याच्या कडेला, मग टाचेच्या वळणावर,
खाली शंखचुन्याचा पांढरा हात,
त्यावर लाखेचा लाल,
पळसाच्या फांदीवरच्या किड्यांनी दिलेला.
चुन्याने गाडलं आणि चुन्यानेच राखलं.

करंगळीपाशी मात्र रंग रेषेबाहेर गेलाय.
गव्हाच्या दाण्याएवढा.
आणि त्या दाण्यात रुतलेला एक केस.
पराते भिंगावर वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले.
"खारीचा हाय, मॅडम. कुंचला झडत होता त्याचा."

मला वाटलं, घाई.
उद्या प्रतिष्ठा, दिवा मिणमिणता,
मागे कुणीतरी खेकसणारा,
करंगळी कोण बघतं!
चेहरा नीट रंगवला असेल त्याने,
डोळे तर श्वास रोखून.
ते सगळं गेलं.
आठशे वर्षं टिकली ती चूक.

सुकवारोबाई आली सातव्या दिवशी.
हातोडा पहिल्यांदा तिने थांबवला होता,
जबाबावर तिचा अंगठा हवा होता.
रायपूरकडची. टोपली दाराबाहेर ठेवली,
चपलाही, मी नको म्हणत असताना.
टेबलाशी वाकली आणि लगेच म्हणाली,
"एमा माहुर लगे हे."
माहुर लागलंय हिला.
हिला.
मी अज्ञात लिहिलं होतं तिथे
तिने एका अक्षरात बाई उभी केली.

मी करंगळी दाखवली. म्हटलं, इथे चुकलाय बघ.
ती हसली, पदर तोंडाला लावून.
स्वतःचा पाय पुढे केला, सिमेंटने भेगाळलेला,
परवाच्या लग्नातला माहुर त्यावर अजून ओळखू येणारा,
आणि करंगळीपाशी, रेषेबाहेर,
तसाच एक दाणा.
"इथं सगळ्यांचंच जातं," ती म्हणाली.
"नाऊन कितीही धरून ठेवो.
इथं गुदगुल्या होतात नं. पाय ओढला जातो."

पराते खिडकीकडे बघू लागले.
मी पावलाकडे.
दगडाचं ते, घोट्याशी तुटलेलं,
आमच्या नोंदीत क्रमांक एकशे बारा.

अहवालात हे कुठल्या रकान्यात लिहायचं,
अजून ठरत नाही.
तो दाणा मी साफ केला नाही, केसही तसाच ठेवलाय.
अंगठा उमटवून, शाई पदराला पुसत,
सुकवारोबाईने जाता जाता विचारलं,
"अन् दुसरा पाय?"
नाही सापडला, मी म्हटलं.

तिने टोपली डोक्यावर घेतली.
"आधी भिंत अजून उभी हाय,"
म्हणाली, "मी सांगते सगळ्यांना,
हलक्या हातानं."